परदेशी कोर्टाने दोषी ठरवलं, म्हणून इथे गुन्हा शाबीत होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरला भाऊ काही वर्षं परदेशात एका व्यापारी कंपनीचे हिशेब पाहत होता. खोटी बिलं करून पैसे वळते केल्याबद्दल तिथल्या फौजदारी कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. शिक्षा भोगून तो परत आला. आता त्याच कंपनीच्या भारतातल्या भागीदारांनी इथे फसवणूक आणि अपहाराची फिर्याद दिली आहे. दोषारोप ठेवले गेले आहेत आणि सरकारी वकिलांनी दस्तऐवजांच्या यादीत त्या परदेशी निकालाची प्रत लावली आहे. 'तिकडे शाबीत झालंय, आता इकडे लढायला उरलं काय,' असं घरातल्या सगळ्यांना वाटतंय. प्रश्न विचारणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: हा निकाल पुराव्यात वाचला जाईल का, आणि एकदा शिक्षा भोगल्यावर पुन्हा खटला चालतो का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण घरच्यांचा धीर त्यावरच सुटलेला दिसतो. तो निकाल तुमच्या भावाच्या गुन्ह्याचा पुरावा नाही. फार तर एवढंच सिद्ध होईल की अमुक देशातल्या अमुक कोर्टाने अमुक तारखेला असा निकाल दिला. निकालात जे लिहिलं आहे ते खरं आहे, हे त्या कागदाने सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींतली रेघ पुसली गेली की निरपराध माणूसही अडकतो, म्हणून ती नीट समजून घ्या.

आपल्या पुरावा कायद्यात आधीच्या निकालांसाठी एक छोटा, बंदिस्त कप्पा आहे. १८७२ च्या कायद्यात ती कलमं ४० ते ४४ होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तीच ३४ ते ३८ झाली आहेत, शब्दांत फारसा फरक नाही. आधीचा निकाल दुसऱ्या खटल्याला आडवा येत असेल तर तो दाखवता येतो. मृत्युपत्राचा प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र), विवाह, नौवहन आणि दिवाळखोरी या चार अधिकारक्षेत्रांतला, माणसाचा दर्जा ठरवणारा अंतिम निकाल सगळ्या जगाविरुद्ध चालतो. सार्वजनिक स्वरूपाच्या बाबींवरचा निकाल संबद्ध, म्हणजे पुराव्यात विचारात घेण्याजोगा, असतो, पण निर्णायक नसतो. उरलेले सगळे निकाल कलम ३७ नुसार असंबद्ध. अपवाद दोनच: त्या निकालाचं अस्तित्व हाच वादाचा मुद्दा असेल, किंवा कायद्याच्या दुसऱ्या एखाद्या तरतुदीखाली तो संबद्ध ठरत असेल. परदेशी फौजदारी कोर्टाने दिलेला दोषसिद्धीचा निकाल, गुन्ह्याचा पुरावा म्हणून, पहिल्या तीन खणांत बसत नाही. तो येतो थेट कलम ३७ मध्ये, आणि तिथे दार बंद आहे.

हे दार परदेशी कोर्टांबद्दलच्या अविश्वासामुळे बंद ठेवलेलं नाही. इथल्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या सत्र न्यायालयाचा निकाल असता तरी नियम हाच होता. सहआरोपीचा खटला वेगळा चालून तो सुटला, तर त्याच्या सुटकेचा निकाल दुसऱ्या आरोपीच्या खटल्यात वाचता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने राजन राय विरुद्ध बिहार राज्य या २००५ च्या निकालात सांगितलं. २००५ च्याच इक्बालसिंग मारवाह प्रकरणात घटनापीठाने स्पष्ट केलं की दिवाणी आणि फौजदारी कोर्टांनी आपापल्यापुढच्या पुराव्यावरच निर्णय द्यायचा, एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला बांधत नाहीत.

कारण साधं आहे. निकाल म्हणजे एका न्यायाधीशाचं मत. त्याने काही साक्षीदार ऐकले, काही कागद पाहिले आणि त्यावरून मत बनवलं. तुमच्या भावाच्या खटल्यात ते साक्षीदार पिंजऱ्यात आलेले नाहीत, ते कागद मेजावर नाहीत. मग उलटतपासणी कुणाची घ्यायची? निकालपत्राची घेता येत नाही. निकालात साक्षीचा जो सारांश असतो तो न्यायाधीशाच्या शब्दांतला असतो, म्हणजे आपल्या खटल्यापुरती ती ऐकीव गोष्ट. शिवाय तिथे सिद्धतेचं ओझं कुणावर होतं, आरोपीला गप्प राहण्याचा हक्क होता का, दुभाषी मिळाला होता का, यातलं काहीच निकालाच्या शेवटच्या पानावरून कळत नाही.

इंग्लंडमध्ये याच मुद्द्यावर १९४३ चा हॉलिंग्टन विरुद्ध ह्यूथॉर्न हा निकाल प्रसिद्ध आहे. निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल झालेली शिक्षा नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरू द्यायला तिथल्या अपील न्यायालयाने नकार दिला: दुसऱ्या कोर्टाचं मत इथे गैरलागू. पुढे त्यांच्या संसदेने दिवाणी कामांसाठी १९६८ मध्ये आणि फौजदारी कामांसाठी १९८४ मध्ये कायदा बदलला, तोही मुळात आपल्याच देशातल्या कोर्टांच्या शिक्षांपुरता. आपल्या संसदेने तसा बदल केलेला नाही. २०२३ मध्ये नवा कायदा करताना संधी होती, तरी जुन्या कलम ४३ चा गाभा तसाच ठेवला गेला. माझ्या मते ते योग्यच झालं.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो, वकिलांमध्येसुद्धा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ परदेशी निकाल निर्णायक मानतं, मग फौजदारीत का नाही, असं विचारलं जातं. ते कलम त्याच पक्षकारांमधल्या दिवाणी हक्कांसाठी आहे. कलम ४४क खाली परदेशी हुकूमनाम्याची इथे अंमलबजावणी होते, पण त्यातही दंड किंवा शास्तीची रक्कम मुद्दाम वगळली आहे. परक्या राज्याची शिक्षा आपलं कोर्ट राबवत नाही, ही जुनी भूमिका त्या वगळण्यामागे आहे. फौजदारी खटल्यात कलम १३ चा आधार घेऊन 'निर्णायक' हा शब्द कुणी उच्चारला तर लगेच हरकत घ्या.

आता परदेशी निकाल फौजदारी कोर्टात खरोखर कामाला कधी येतो ते पाहू. सगळ्यात बोलकी उदाहरणं विवाहाच्या कज्ज्यांतली आहेत. द्विभार्याप्रतिबंधाच्या खटल्यात नवरा म्हणतो, 'माझा पहिला घटस्फोट परदेशात झालाय.' तिथे त्या हुकूमनाम्याचं अस्तित्व हाच वादाचा मुद्दा होतो, म्हणून तो कोर्टापुढे येतो. पण आला म्हणजे मानला, असं नाही.

'सुप्रीम कोर्ट केसेस' (एससीसी) या निकालसंग्रहातलं (१९९१) ३ एससीसी ४५१ हे प्रकरण प्रत्येक तरुण वकिलाने मुळातून वाचावं. लग्न तिरुपतीला झालेलं. नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या कोर्टातून घटस्फोट घेतला आणि इथे दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोने फौजदारी तक्रार केली. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना मुक्त केलं, उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. दोन गोष्टी ठरल्या. एक, ज्या कायद्याखाली लग्न झालं तो कायदा ज्या कोर्टाला अधिकार देतो आणि जी कारणं मान्य करतो, त्याबाहेर जाऊन दिलेला घटस्फोट इथे ओळखला जाणार नाही. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. मिसूरीच्या कोर्टातल्या लिपिकाने प्रत प्रमाणित केली होती, तेवढ्यापुरती ती ठीक होती. पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणपत्र तिला जोडलेलं नव्हतं, म्हणून ती पुराव्यात अग्राह्य ठरली. एका नसलेल्या कागदाने बचाव लंगडा केला.

त्याआधीचं (१९७५) १ एससीसी १२० हेही असंच. जालंधरच्या बायकोने फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोटगी मागितली, नवऱ्याने अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचा घटस्फोट पुढे केला. त्याचं नेवाडात कायमचं घर नव्हतं. अधिकारक्षेत्र मिळवण्यासाठी त्याने ते असल्याचं भासवलं होतं. कपटाने मिळवलेला निकाल म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. म्हणजे निकाल संबद्ध असला तरी 'कोर्टाला अधिकार नव्हता' किंवा 'तो लबाडीने मिळवला' हे दाखवायची वाट आता साक्ष अधिनियमाच्या कलम ३८ खाली खुली असते, आणि फौजदारी कोर्टातही खुली असते.

याखेरीज काही छोट्या जागा आहेत. आरोपी म्हणतो, 'त्या दिवशी मी इथे नव्हतोच, परदेशी कोर्टात हजर होतो.' तिथे साक्ष अधिनियमाच्या कलम ९ खाली तो कागद येऊ शकतो, कारण प्रश्न निकालातल्या मताचा नसून हजेरीचा आहे. साक्षीदाराला उलटतपासणीत 'तुम्हाला अमुक देशात शिक्षा झाली आहे का' असं विचारलं आणि त्याने नाकारलं, तर त्याच अधिनियमाच्या कलम १५६ चा अपवाद ती शिक्षा शाबीत करायला परवानगी देतो. ही तरतूद बचावाच्या फार उपयोगाची आहे आणि फार कमी वापरली जाते.

काही विशेष कायदे मात्र परदेशी शिक्षेला मुद्दाम आत घेतात. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ३१ नुसार परदेशातल्या सक्षम फौजदारी कोर्टाने तशाच कायद्याखाली दिलेली शिक्षा वाढीव शिक्षेसाठी भारतातल्या शिक्षेसारखी धरली जाते. उलट भारतीय न्याय संहितेचं कलम १३, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ७५, 'भारतातील न्यायालयाने' दिलेल्या शिक्षेबद्दलच बोलतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये, जपानमध्ये झालेल्या शिक्षेच्या संदर्भात, 'कोणत्याही न्यायालयात' या शब्दांचा अर्थ फक्त देशातलं न्यायालय असा घेतला. तुमच्या भावाच्या प्रकरणात असा कोणताही विशेष कायदा नाही.

आता ज्या जागेची मला खरी काळजी वाटते तिकडे येतो. भावाने तिकडे गुन्हा कबूल केला होता का? प्रश्नात हे लिहिलेलं नाही, आणि सगळं यावर फिरू शकतं. निकाल असंबद्ध असला तरी आरोपीची स्वतःची कबुली हा वेगळा पुरावा आहे. सेठ रामदयाल जाट प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला: फौजदारी निकाल दिवाणी दाव्यात वाचता येत नाही, पण फौजदारी कोर्टात दिलेली कबुली वाचता येते. हुशार सरकारी वकील निकाल सोडून देईल आणि त्या कबुलीची नोंद मागवेल.

म्हणून तिची मूळ नोंद तुम्ही आधी मिळवा. निकालपत्रातलं 'आरोपीने गुन्हा कबूल केला' हे वाक्य पुरेसं नाही. भावाला काय विचारलं गेलं, त्याने काय उत्तर दिलं, दुभाषी होता का, वकील होता का, हे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत दिसतं. अनेक देशांत बहुतेक खटले सौदेबाजीने मिटतात: 'एवढं कबूल कर, बाकीचे आरोप मागे घेतो.' अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने दाखवलेल्या आमिषाने किंवा धाकाने दिलेली कबुली आपल्या साक्ष अधिनियमाच्या कलम २२ खाली बाद होते. सरकारी अभियोक्त्याने दिलेली शिक्षामाफीची हमी हे आमिष आहे, असा युक्तिवाद मी केला आहे आणि पुन्हा करेन. फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेतलेल्या आपल्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २९९ म्हणतं की सौदेबाजीच्या अर्जात आरोपीने सांगितलेल्या गोष्टी दुसऱ्या कशासाठीही वापरायच्या नाहीत. इथल्या आरोपीला जे संरक्षण मिळतं ते परदेशात तीच वाट धरलेल्या माणसाला नाकारायचं, हे न्यायाला धरून नाही. अमेरिकेत तर 'नोलो कंटेन्डरे' नावाचा प्रकार आहे, म्हणजे गुन्हा मान्य न करता शिक्षा स्वीकारणं. त्यांच्या केंद्रीय पुरावा नियमांतला नियम ४१० अशी भूमिका नंतर आरोपीविरुद्ध वापरूच देत नाही. तिथे जी कबुली मानली जात नाही ती इथे कबुली म्हणून कशी येईल?

तिकडच्या साक्षी थेट इथे आणायचा प्रयत्नही होऊ शकतो. साक्ष अधिनियमाचं कलम २७, जुनं ३३, आधीच्या कामातली साक्ष वापरू देतं, पण साक्षीदार मृत किंवा न सापडणारा वगैरे असला पाहिजे, पक्षकार तेच पाहिजेत, मुद्दे तेच पाहिजेत आणि उलटतपासणीची संधी मिळालेली पाहिजे. फौजदारी खटला हा अभियोक्ता आणि आरोपी यांच्यातला मानला जातो. तिथला अभियोक्ता ते परदेशी राज्य होतं, इथला भारतातलं राज्य. 'तेच पक्षकार' ही अट इथेच अडखळते.

मग सरकार पक्षाने काय करायचं? सरळ रस्ता आहे, मेहनतीचा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली परदेशी अधिकाऱ्यांना विनंतीपत्र पाठवून मूळ बिलं, बँकेच्या नोंदी मागवायच्या आणि साक्षीदारांना दृक्‌श्राव्य माध्यमातून तपासायचं. २००३ च्या प्रफुल्ल देसाई निकालाने परदेशातल्या साक्षीदाराची अशी साक्ष मान्य केली. डेव्हिड हेडलीला अमेरिकेतल्या कोर्टाने शिक्षा दिली होती, तरी मुंबईच्या विशेष न्यायालयात त्या निकालावर काम भागवलं गेलं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अमेरिकेतल्या तुरुंगातून पडद्यावर आला, शपथेवर बोलला आणि बचाव पक्षाने पुढे त्याची उलटतपासणी घेतली. पुरावा असा येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. परदेशात शिक्षा भोगली म्हणून इथला खटला आपोआप थांबत नाही. संविधानाचं अनुच्छेद २०(२) आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३७ 'त्याच अपराधा'बद्दल बोलतात. मोनिका बेदी प्रकरणात पोर्तुगालमध्ये बनावट पासपोर्ट बाळगण्या-वापरण्याबद्दल शिक्षा झाली होती आणि इथला खटला तो पासपोर्ट फसवणुकीने मिळवण्याचा होता. दोन अपराध वेगळे, म्हणून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी शिक्षेचा मुद्दा फेटाळला. तेव्हा दोन्हीकडचे दोषारोप शेजारी ठेवून ओळीने जुळवा: तीच बिलं, त्याच तारखा, तेच पैसे आहेत का? जुळले तर मुद्दा जोरात मांडा. आणखी एक पाहा. सगळं कृत्य भारताबाहेर घडलं असेल तर त्याच संहितेच्या कलम २०८ खाली केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. ती नसेल तर खटला दखल घेण्यापुढे जाऊ शकत नाही. मात्र कृत्याचा काही भाग इथे घडला असेल तर ही हरकत चालत नाही.

आता पुढच्या तारखेबद्दल. एका प्रकरणात माझ्या हाती अशीच एक प्रत आली होती. लाल फीत, उठावदार गोल शिक्का, वर अपोस्टिल (परदेशी वापरासाठीचा साक्षांकनाचा दाखला), खाली इंग्रजी भाषांतर. पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी अशी सजावट. पहिल्या वकिलांनी यादीवर 'कबूल' लिहून सही केली होती. प्रत शांतपणे वाचली तेव्हा अकराव्या पानावर दिसलं की निकाल आरोपीच्या गैरहजेरीत झाला होता. भाषांतर कुणी केलं त्याचं नाव नव्हतं. भारतीय दूतावासाचं प्रमाणपत्र नव्हतं. त्या एका 'कबूल'मुळे प्रतीच्या खरेपणाबद्दल पुढे एक शब्द बोलता आला नाही. असंबद्धतेचा मुद्दा तेवढा शिल्लक राहिला, आणि तो अंतिम युक्तिवादापर्यंत झगडत न्यावा लागला. मधल्या काळात निकाल निशाणीवर (पुराव्यातल्या कागदांना कोर्ट देतं त्या क्रमांकावर) चढलेला होता आणि प्रत्येक साक्षीदाराला तो दाखवला जात होता.

कागद कसा शाबीत केला यावरची हरकत वेळेत घेतली नाही तर गेली. कागद मुळातच असंबद्ध आहे ही हरकत नंतरही घेता येते. वेंकटाचल गौंडर या २००३ च्या निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. पण मी दोन्ही हरकती त्याच क्षणी लेखी घेतो, नंतरवर काहीच ठेवत नाही. प्रतीला परदेशातल्या अभिलेखपालाचं प्रमाणपत्र आहे का, प्रमाणित करण्याची तीच तिथली रीत असल्याचा भारतीय प्रतिनिधीचा दाखला आहे का, हे साक्ष अधिनियमाचं कलम ८८ लावून तपासा. तो दाखला असला तरी कोर्ट प्रत खरी असल्याचं गृहीत 'धरू शकेल', धरलंच पाहिजे असं नाही. अपोस्टिलने सही-शिक्का खरा असल्याचं कळतं, त्यापलीकडे काही नाही. भाषांतरकाराला साक्षीला बोलवा असं म्हणा. तिकडे अपील प्रलंबित आहे का, निकाल अंतिम झाला आहे का, याचा खुलासा लेखी मागा.

आणि यादी समोर येईल तेव्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० खाली तुमच्या वकिलांनी त्या निकालासमोर 'कबूल' लिहू नये, नुसतं 'नाकबूल' लिहूनही थांबू नये. मी असं लिहितो: 'नाकबूल. प्रत कलम ८८ प्रमाणे प्रमाणित नाही. दस्तऐवज कलम ३४ ते ३७ अन्वये असंबद्ध आहे. निशाणी देण्यास हरकत.' खाली तारीख, सही. मग त्या दिवशीच्या रोजनाम्यात ही हरकत नोंदली गेली की नाही, ते कोर्टातून उठण्याआधी स्वतः वाचून घ्या.